तेरा आठवड्यांची सिस्टर

(दृश्य: ऑगस्टची रात्र. कापूसपट्ट्यातलं तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. पत्र्यावर पावसाचा आवाज, वॉर्डात एक ट्यूबलाइट.)

रात्रीचे अडीच वाजलेत. खाटा तीस, नाईटला सिस्टर एक. लेबर रूममध्ये पहिलटकरणीला कळा सुरू आहेत. चार नंबरवर साप चावलेला शेतकरी, सात नंबरवर कपाशीला फवारताना विषबाधा झालेला मजूर.

चार नंबरचं काम बघा. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं. २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग ती तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलंय असं समजून प्रतिविषाच्या १० व्हायल (कुप्या) तासाभरात द्यायच्या. पहिल्या काही मिनिटांतच रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवायचं आणि खाटेपासून हलायचं नाही. सहा तासांनी पुन्हा नळी.

सात नंबरला ॲट्रोपिन, म्हणजे फवारणीच्या विषावरचा उतारा, चालू आहे. दर ५ मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी मोजायची, तोंडातली लाळ पाहायची. छातीतली घरघर जाईपर्यंत डॉक्टर डोस दुप्पट करत नेतात, पण कुठे थांबायचं हे खाटेशी उभ्या असलेल्या सिस्टरच्या निरीक्षणावर ठरतं. डोस कमी पडला तर माणूस स्वतःच्याच लाळेत आणि कफात गुदमरतो. जास्त झाला तर ताप चढतो, बडबड सुरू होते, लघवी तुंबते.

हे दोन पेशंट दोन सिस्टरांचे आहेत. बाळंतीण तिसरीची. ड्युटीवर एकच आहे.

(दृश्य: भिंतीवरची ड्युटी लिस्ट. खाडाखोड, पांढरी शाई.)

आता थोडा हिशोब. आठवड्याचे तास १६८. आठ तासांची ड्युटी आणि आठवड्याला एक सुट्टी धरली तर एक सिस्टर ४८ तास देते. म्हणजे एक जागा दिवसरात्र भरलेली ठेवायला साडेतीन सिस्टर लागतात. आजारपण, बाळंतपणाची रजा, ट्रेनिंग यांसाठी ३० टक्के जादा माणसं धरावी लागतात. ती धरली की आकडा साडेचारच्या वर जातो, म्हणजे पाच. एका जागेसाठी पाच.

प्रत्यक्षात तीन असतात आणि त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर जाते. उरलेल्या दोघींच्या वाट्याला आठवड्याचे प्रत्येकी ८४ तास येतात. मग डबल ड्युटी, नाईट करून पुन्हा मॉर्निंग, सुट्टीच्या दिवशी फोन. हे महिनाभर निभतं. तिसऱ्या महिन्यात माणूस मोडतं.

त्या मोडण्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद घेतली, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या, न निवळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिली, अंगातली शक्ती संपणे. सुट्टीभर झोपूनही ही थकावट उतरत नाही. दुसरी, कामातून मन उठणे. पेशंटचं नाव जाऊन ‘सात नंबर’ उरतो. नातेवाइकाने “सिस्टर, सलाईन संपत आली जी” असं साधं सांगितलं तरी अंगावर ओरडणं येतं. तिसरी, आपण काही नीट करतोय हा विश्वासच जाणे. ही तिसरी सर्वांत वाईट, कारण चांगली सिस्टर इथेच राजीनामा लिहायला बसते.

अशा वेळी वरिष्ठ तिला योगासनं करायला सांगतात. योगासनांनी ८४ चे ४८ तास होत नाहीत.

विदर्भातला हा ताण बराचसा हंगामी आहे. जुलैपासून शेतात साप निघतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणी. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव घेतला. गडचिरोलीत याच दिवसांत मलेरिया वाढतो. धारणी-चिखलदऱ्यात कुपोषित लेकरांना पावसाळ्यात न्यूमोनिया गाठतो. हे सगळं कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवता येतं. तरी जाहिरात निघते ती सिस्टर सोडून गेल्यावर, सप्टेंबरात.

(दृश्य: बसस्टँड. एसटीतून उतरणारी तरुणी, हातात बॅग आणि फाइल.)

अमेरिकेत अशा तात्पुरत्या गरजेसाठी ट्रॅव्हल नर्स बोलावतात. करार बहुतेक वेळा १३ आठवड्यांचा, आठवड्याला साधारण ३६ तास, बारा-बारा तासांच्या तीन ड्युट्या. मधे एजन्सीचा रिक्रूटर असतो. एजन्सीला पैसे हॉस्पिटल देतं, नर्स देत नाही. चांगला रिक्रूटर करारातल्या चार गोष्टी नर्सला आधी समजावून सांगतो: किमान किती तासांच्या पगाराची हमी आहे, दुसऱ्या वॉर्डात पाठवणार का, करार मधेच तुटला तर काय, आणि मुदत वाढवायची कशी.

ती पद्धत जशीच्या तशी इथे उचलता येणार नाही. पण १३ आठवड्यांचं माप आपल्या पावसाळ्याला नेमकं बसतं. १५ जुलैला रुजू झालेली सिस्टर १३ ऑक्टोबरपर्यंत राहते. साप आणि फवारणी, दोन्हींचा जोर बहुतेक त्यातच येतो.

मात्र तिला आणणारा माणूस नीट हवा. आपल्याकडे ‘प्लेसमेंटवाला’ म्हटलं की नर्सिंगच्या मुली बिचकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेणं, पहिला पगार ‘डिपॉझिट’ म्हणून अडकवणं, आयसीयू सांगून कॅज्युअल्टीत उभं करणं हे घडतं. ओरिजिनल कोणालाही देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. नेमणुकीचं पत्र हातात आल्याशिवाय एसटीत बसू नका. पगार बँकेतच घ्या आणि पहिल्याच महिन्यात पीएफचा यूएएन नंबर मागा. परदेशी पाठवणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी लागते. त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन.

काम जाणणारा रिक्रूटर आधी स्वतः रुग्णालयात जाऊन येतो. नाईटला किती सिस्टर, महिन्याला किती बाळंतपणं, डॉक्टर मुक्कामी राहतात का, प्रतिविषाचा साठा किती, हे लिहून घेतो. मग क्वार्टर पाहतो. दाराला आतून कडी आहे का? संडासात पाणी? रात्री वॉर्डापर्यंत जायच्या वाटेवर दिवा? आलेली सिस्टर पंधरा दिवसांत परत गेली, तर कारण बहुतेक वेळा याच तीन प्रश्नांत सापडतं, पगारात नाही.

नंतर तो मुलगी शोधतो आणि तिला खरं सांगतो: इथे नेटवर्क नाही, मेळघाटात आया कोरकू बोलतात, भामरागडकडे माडिया. ऐकून चार जणी नाही म्हणतील. पाचवी हो म्हणेल आणि टिकेल. तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का, हे तो तपासतो. हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का, हेही विचारतो. पहिला डोस राहिला असेल तर जुलैत आठवून उपयोग नाही. शून्य, एक आणि सहा महिने असा तो क्रम आहे.

रुजू झाल्यावर पहिल्या दोन ड्युट्या तिला मोजणीत धरू नये. इमर्जन्सी ट्रे कुठे, ऑक्सिजनची चावी कोणाकडे, १०८ ला फोन कोण लावतो, हे पाहण्यात त्या जातात. इथे घाई केली की नवीन सिस्टर जुनीच्या डोक्यावरचं ओझं होते. रिक्रूटरने तिसऱ्या, पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी फोन करावा. पंचेचाळिसावा महत्त्वाचा. नवेपण तोवर सरलेलं असतं, आणि पगार उशिरा झाला असेल तर तोही तेव्हाच कळतो.

ती आली की जुन्या दोघींचे तास ८४ वरून ५६ होतात. अजूनही जास्तच आहेत, पण आठवड्याची सुट्टी परत येते.

(दृश्य: पर्लकोटा नदी, पूर. काठावर थांबलेल्या गाड्या.)

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता वर्षानुवर्षे बंद होत आलाय. दिवस भरत आलेल्या बायांना म्हणूनच आधीपासून दवाखान्याजवळच्या माहेरघरात आणून ठेवतात. त्यांच्यासाठी येणारी सिस्टरही पाणी चढायच्या आत अलीकडून पलीकडे गेलेली असावी लागते. तेवढ्यासाठी तिचं नेमणूक पत्र मे महिन्यात निघायला हवं.