झाकण्याआधी बघून घ्या

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या घरी बाथरूमच्या भिंतीत एक फरशी बाकीच्यांपेक्षा किंचित पांढरी आहे. नवा माणूस आला तर त्याच्या लक्षातही येत नाही, मला मात्र रोज दिसते. राहायला येऊन दोन महिने झाले होते. साबण ठेवायला छोटी मांडणी लावायची म्हणून मी स्वतःच ड्रिल घेऊन उभा राहिलो. दोन भोकं नीट पडली. तिसऱ्याला भिंतीतून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट चष्म्यावर. आतून नळाची लाइन गेलेली होती. ती नेमकी कुठून नेली हे सांगू शकणारा माणूस एकच, प्लंबर, आणि तो केव्हाच दुसऱ्या कामावर गेलेला. फोनवर म्हणाला, "काका, बहुतेक डावीकडून घेतली होती." होती उजवीकडून.

आता यात लाजिरवाणी गोष्ट अशी, की माझी निम्मी हयात दुसऱ्यांच्या बांधकामांवर देखरेख करण्यात गेली आहे. प्लास्टर करण्याआधी भिंतीचे फोटो काढून ठेवा, असं मी लोकांना सांगत आलो. स्वतःच्या घराच्या वेळी राहून गेलं.

घर बांधणाऱ्यांकडे बघताना एक गोष्ट मला नेहमी दिसते. फरशीचा रंग, दाराची मूठ, दिव्याची शेड यांवर घरात महिनाभर खल चालतो. आणि ज्या दिवशी पायातली सळई काँक्रीटखाली जाणार, त्या दिवशी मालक साइटवर नसतो. फरशी नाही आवडली तर दहा वर्षांनी उखडून दुसरी बसवता येते. पायातल्या सळईचं तसं नाही. म्हणून आज मी फक्त झाकल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल बोलणार आहे. रंगाचं तुमचं तुम्ही बघा.

पहिली झाकली जाते ती जमीन. जागा कोरड्या दिवसात बघितली असेल, तर जोराचा पाऊस पडून गेल्यावर एकदा पुन्हा जाऊन या. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कोणत्या बाजूने निघून जातं, हे तेव्हाच कळतं. मग खड्डा घेऊन बघा. वरची माती सगळीकडे सारखी दिसते, आणि दोन हात खाली भराव निघतो, कधी बुजवलेली विहीर निघते. भरावावर पाया टाकायचा नाही, मूळची घट्ट जमीन लागेपर्यंत खाली जायचं. काही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, दर वर्षी, न चुकता. लोकांना वाटतं, आपलं घर एकमजली, हलकं, त्याला काय होतंय? होतं नेमकं उलट. वजन कमी असल्यामुळे फुगणारी माती अशा घराला सहज उचलते आणि दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. आजूबाजूच्या घरांना अशा भेगा दिसल्या, तर मातीची तपासणी झाल्याशिवाय पायाचं डिझाइन करू देऊ नका.

आखणीच्या दिवशी टेप घेऊन स्वतः हजर राहा. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला शाळेतलं गणित पुरतं. एका दोरीवर 3 मीटरवर खूण, दुसरीवर 4 मीटरवर, आणि त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 5 मीटर. नंतर दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे यायला हवेत. इथे दोन बोटांची चूक राहिली तर गवंडी ती सांभाळून घेत घेत वर नेतो. शेवटी फरशी बसवताना भिंतीच्या कडेला निमुळती होत गेलेली एक पट्टी उरते. मग ती बघत बसायची.

आता काँक्रीट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, तेही चांगल्या हेतूने.

स्लॅबचा दिवस डोळ्यांपुढे आणा. मिक्सरचा घरघराट, घमेली हातोहात वर चाललीत, ऊन चढलंय. मिक्सरवरचा माणूस विचारतो, "साहेब, माल सुका वाटतोय, अर्धी बादली टाकू का?" माल सुका म्हणजे पसरायला जड, आणि सगळे दमलेले. तुम्हालाही वाटतं, पाणीच तर आहे. तुम्ही मान हलवता.

ती अर्धी बादली त्या घाण्याची, म्हणजे त्या वेळी मिक्सरमध्ये कालवलेल्या मालाची, ताकद खाते. काँक्रीट घट्ट होतं ते वाळून नव्हे. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन होतं. त्या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी लागतं. माल हाताळता यावा म्हणून आपण त्याहून जास्त घालतोच, पण 50 किलोच्या गोणीला 25 लिटरच्या वर गेलात की काँक्रीट कमकुवत पडायला लागतं. जादा पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं राहतात. त्यातूनच पुढे ओल आत शिरते. शिवाय वाळू ओली असेल तर तिच्यातच गोणीमागे 3-4 लिटर पाणी असू शकतं, ते या 25 लिटरमधूनच वजा करायचं. तेव्हा मिक्सरशेजारी लिटरच्या खुणा केलेली एकच बादली ठेवा, बाकीच्या लांब नेऊन ठेवा. माल पसरत नसेल तर पाणी हा उपाय नाही. व्हायब्रेटर, म्हणजे मालात बुडवून तो नीट बसवणारी थरथरती नळी, नीट चालवा, आणि चालवणाऱ्याची मधूनमधून बदली करा. हात भरून आले की माणूस नुसता नळी बुडवल्यासारखं करतो.

माल पडायच्या आधी सळईकडे बघायचं. सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला उचलून धरणारे छोटे ठोकळे, आहेत का? सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांच्यात अंतर हवं, स्लॅबला साधारण 20 मिलिमीटर, कॉलमला 40, फूटिंगला, म्हणजे कॉलमखालच्या पायाला, 50. नक्ष्यावर वेगळे आकडे असतील तर नक्ष्यातले धरा. काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतली सळई गंजत नाही. पण सळई कडेला आली की हवा आणि ओल तिच्यापर्यंत लवकर पोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. जुन्या इमारतींच्या छज्ज्यांखाली ढलप्या पडून लाल सळया उघड्या पडलेल्या आपण बघतो, त्यांत फार तर बोटभर कव्हर कमी पडलेलं असतं. विटेचे तुकडे आणि खडी टेकू म्हणून ठेवतात, ते मी तरी चालू देत नाही. वीट पाणी शोषते आणि खडी निसटते.

बाल्कनीचं आणखी वेगळं. पुढे आलेल्या बाल्कनीत ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून तिची मुख्य सळई वर असते. पट्टी टेबलाच्या कडेबाहेर धरून टोकाला बोट दाबा, वरची बाजू कशी ताणली जाते ते समजेल. सकाळी ती सळई छान वर बांधलेली असते. दुपारपर्यंत घमेली घेऊन दहा माणसं तिच्यावरून गेली की ती दबून तळाशी जाते. वरून काँक्रीट पडतं, आणि ज्या सळईवर बाल्कनी पेलायची ती आता नको त्या जागी. बाहेरून कुणालाही कळणार नाही. म्हणून सळईखाली चेअर, म्हणजे तिला वर धरून ठेवणारे वाकवलेल्या सळईचे टेकू, घालून घ्या, चालायला फळ्या टाका, आणि माल बाल्कनीपर्यंत आला की तिथेच उभे राहा. दुसरीकडे कुणी हाक मारली तरी हलू नका.

मग पाणी मारणं. बरेच मालक मिक्सरमध्ये पाणी जास्त घालतात आणि नंतर कमी, व्हायला हवं बरोबर उलट. काँक्रीट धरलं की किमान 7 दिवस ते सतत ओलं राहायला हवं, आणि फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट असेल तर 10 किंवा त्याहून जास्त. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिडकावा केला आणि दुपारी ते कोरडं ठणठणीत, याला पाणी मारणं म्हणत नाहीत. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा. कॉलमला गोणपाट गुंडाळा आणि तो ओला ठेवा. कॉलम उभा असतो, त्याच्यावर पाणी टिकत नाही, म्हणून सगळ्यात जास्त उपाशी तोच राहतो. काँक्रीटची ताकद 28 दिवसांनी मोजायची पद्धत आहे. 7 दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते. सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅबखालच्या तात्पुरत्या साच्याचे, टेकू कधी काढायचे ते इंजिनीअरने सांगावं. सेंट्रिंगवाल्याला ते टेकू दुसरीकडे हवे असतात, त्याची घाई तुमच्या स्लॅबच्या वयाशी जुळत नाही.

जिन्याचं जाता जाता सांगतो. 17 व्या शतकात ब्लाँडेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने माणसाच्या चालीवरून एक नियम सांगितला, तो अजून चालतो. दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज साधारण 60 ते 64 सेंटिमीटर. म्हणजे उंची 17, तर रुंदी 28-29. आणि सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या. पायाला दोन-तीन पायऱ्यांत उंचीची सवय होते आणि मग माणूस न बघता चढतो. शेवटची पायरी फरशीच्या थरामुळे दोन सेंटिमीटर वेगळी झाली की तिथे प्रत्येक जण ठेचकाळतो. म्हणून खाली-वर फरशीची जाडी किती येणार हे जिना ओतायच्या आधी ठरवा.

आता पाण्याच्या वाटा. सांडपाण्याच्या 100 मिलिमीटर पाइपला साधारण 40 ते 60 मीटरला 1 मीटर उतार लागतो. गच्चीला 100 ला 1 तरी द्या. पाइप जिथे वळतो तिथे चेंबर हवाच, नाहीतर तुंबल्यावर आंगण खणायची वेळ येते. नळाच्या लाइनी भिंतीत बुजवायच्या आधी दाब देऊन तपासा आणि रात्रभर दाब तसाच टिकतो का बघा. बाथरूमला फरशी लावण्याआधी वॉटरप्रूफिंगवर दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या छतावर ओलीचा डाग दिसतो का ते बघा. कंत्राटदार म्हणेल, "एवढं कशाला, आमचं काम आहे." म्हणू द्या. छज्ज्याच्या खालच्या बाजूला कडेजवळ एक खाच ठेवायला सांगा. पाणी कडेवरून आत वळतं, खाचेपाशी आलं की ओलांडता येत नाही आणि तिथूनच ठिबकतं. बोटभर खाच, पण ती नसली की खिडकीवर दर पावसाळ्यात काळे ओघळ.

विजेबद्दल तीनच गोष्टी. अर्थिंग खरोखर जमिनीत गेलंय का ते मोजून घ्या, आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारं आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणारं बटण, बसवाच. बटणांच्या जागा ठरवताना दार कोणत्या बाजूला उघडतं ते आधी बघा. दारामागे गेलेलं बटण मी इतक्या घरांत बघितलंय, की आता त्याचं हसू येत नाही.

पैशांचं थोडं. पैसे तारखेवर देऊ नका, कामाच्या टप्प्यावर द्या. जोत्यापर्यंत काम झालं, मोजलं, मग हप्ता. थोडी रक्कम शेवटपर्यंत हातात ठेवा, आणि ती एका पावसानंतर देऊ असं आधीच कागदावर लिहा. काम चालू असताना सुचलेला प्रत्येक बदल त्याच दिवशी लिहून, किंमत ठरवून, दोघांनी सही करून ठेवा. "ते नंतर बघू" या तीन शब्दांवरून मी दहा-दहा वर्षांच्या ओळखी तुटलेल्या पाहिल्या आहेत, आणि चूक दर वेळी कंत्राटदाराचीच होती असंही नाही.

आणि फोटो. प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीसमोर उभे राहा. भिंतीला टेप लावा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून, आणि टेपचे आकडे वाचता येतील असा फोटो घ्या. खडूने भिंतीवरच खोलीचं नाव आणि दिशा लिहा, नाहीतर दोन वर्षांनी सगळ्या विटांच्या भिंती सारख्याच दिसतात. फरशीखालून जाणाऱ्या पाइपांचेही घ्या. सगळं दोन ठिकाणी जतन करा, आणि त्यातली एक छापील प्रत मीटरच्या कपाटात.

राहायला गेलात आणि पहिला मोठा पाऊस सुरू झाला, की टॉर्च आणि पेन्सिल घेऊन घरभर फिरा. जिन्याखाली, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खालच्या छताकडे बघा. जिथे ओल दिसेल तिथे डागाच्या कडेने रेघ ओढा आणि तारीख टाका. पुढच्या पावसात डाग रेघेबाहेर गेला का ते बघा. गेला, तर त्या राखून ठेवलेल्या रकमेचा विषय काढायची वेळ झाली.

नमस्कार.