काँक्रीटच्या खाली

गोदामाच्या फरशीचा स्लॅब ओतायचाय, पण काँक्रीटची गाडी यायला अवकाश आहे. त्याआधी हा रोलर बघा. मुरमाचा भराव एकदम लोटलेला नाही. साधारण १५० ते २०० मिलिमीटरचा एक थर, बेताचं पाणी, मग दबाई. पुन्हा पुढचा थर. काम कंटाळवाणं आहे आणि घाई नेमकी इथेच होते.

आता जमिनीची परीक्षा. ७५० मिलिमीटर व्यासाची पोलादी चकती, वर जॅक आणि जॅकला रेटा द्यायला भरलेला ट्रक. चकती १.२५ मिलिमीटर खचायला किती दाब लागला, ते डायल गेज पाहून टिपतात. दाबाला त्या खचण्याने भागलं की जमिनीचा ‘के’, म्हणजे तिच्या ताठपणाचा आकडा, मिळतो. तो लहान आला म्हणून काही बिघडत नाही. सगळीकडे सारखीच मऊ जमीन असेल तर स्लॅब जाड करून भागतं. पण एकीकडे खडक आणि शेजारी सैल बुजवलेला जुना चर असेल, तर कितीही भारी काँक्रीट ओता, स्लॅब त्या चरावरच तडकणार.

काँक्रीट दाबाला दणकट, ताणाला कच्चं. अभियंते हॅरल्ड वेस्टरगार्ड यांनी १९२६ मध्ये स्लॅबच्या मध्यभागी, कडेला आणि कोपऱ्यात भार ठेवून ताणाचं गणित मांडलं. मधोमध जो भार सहज निभतो, तोच कडेला आणि कोपऱ्यात जड जातो.

म्हणून दोन स्लॅबमधल्या सांध्यात, म्हणजे जॉइंटमध्ये, या गुळगुळीत सळया, डॉवेल. अर्ध्या भागाला ग्रीस लावलंय, कारण काँक्रीट आकसताना सळई सरकली पाहिजे. चाक जॉइंटवर आलं की मात्र तिने भार पलीकडच्या स्लॅबवर पोचवायचा. सळई तिरकी बसली की जॉइंट जखडला. आणि ही पोलादी जाळी? भार तीच पेलणार असं अनेकांना वाटतं. एवढी हलकी जाळी भेग रुंदावू देत नाही, बस्स.

रात्री कटर चालतोय, आकसताना भेग ठरल्या रेषेतच पडावी म्हणून. लवकर कापलं तर कडा उखडतात, उशीर झाला तर भेग आधीच पडलेली असते. काप जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल.

आता रॅक उभे राहतायत. त्यांच्या पायाखालच्या एकेका बेसप्लेटवर, म्हणजे पोलादी पाटावर, काही टन उतरणार. पाय जॉइंटपासून लांब ठेवायचे, तर रॅकचा नकाशा डिझाइनच्या आधी हवा. बहुतेकदा तो सगळ्यांत शेवटी हातात पडतो. मग जॉइंटच्या कडा फुटतात, फोर्कलिफ्ट आदळतात आणि भरल्या गोदामात दुरुस्ती काढावी लागते.