वर्गणी की खंडणी? डेलॉसच्या तिजोरीची गोष्ट

[निळा समुद्र. जहाजाच्या कडेवरून काहीतरी जड पाण्यात पडतं.]

लोखंडाचे गोळे होते ते. इ.स.पू. 478 चा सुमार. इजियन समुद्रातली बेटं आणि आशिया मायनरच्या किनाऱ्यावरची ग्रीक नगरं अथेन्सशी हातमिळवणी करत होती. तुमचा शत्रू तो आमचा शत्रू, तुमचा मित्र तो आमचा मित्र, अशी शपथ झाली आणि लोखंड समुद्रात बुडवलं. ते वर येऊन तरंगेल तेव्हाच ही मैत्री तुटायची. आपल्याकडे दानपत्रांत ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ लिहीत, त्याच जातीची ही गोष्ट.

आदल्याच वर्षी प्लॅटीयाच्या रणात इराणी फौजेचा मोड झाला होता. पण ती परत येणार नाही याची खात्री कोण देणार? स्पार्टाचा सेनापती पॉसेनियस मित्रांशीही मुजोरीनं वागायचा, त्यामुळे नगरं अथेन्सकडे वळली. शपथ झाली. मग तो प्रश्न आला, जो शपथेच्या वेळी कोणी काढत नाही. खर्च कोणी करायचा?

[तीन मजली वल्ह्यांचं जहाज. वल्ही एका तालात पाण्यात पडतात.]

खर्च म्हणजे नेमका कशाचा, ते आधी पाहू. हे ट्रायरीम, त्या काळचं लढाऊ जहाज. त्यावर साधारण 200 माणसं, त्यातली 170 नुसती वल्ही मारणारी. प्रत्येकाकडे एक वल्हं, वल्हं बांधायचा चामडी पट्टा आणि बसायची गादी. रोजी माणशी एक ड्राख्मा (चांदीचं नाणं) धरली, तर महिन्याला 6000 ड्राख्मा होतात. 6000 ड्राख्मांचा एक टॅलेंट, म्हणजे सुमारे 26 किलो चांदी. एक जहाज, एक महिना, 26 किलो चांदी. जहाज बांधायचा खर्च वेगळाच.

एवढा भार एखाद्या छोट्या बेटाला कसा पेलणार? म्हणून दोन वाटा ठेवल्या. ज्याला जमेल त्यानं माणसांसकट जहाजं द्यावीत, बाकीच्यांनी रोकड. लेस्बॉस, खिऑस, सॅमॉस ही मोठी बेटं जहाजं देऊ लागली. कोणी किती द्यायचं ते ठरवायला माणूस निवडला ॲरिस्टायडीज. लोक त्याला ‘न्यायी’ म्हणत.

[खापराचा तुकडा. त्यावर ओरखडून लिहिलेलं नाव.]

याच्याबद्दल प्लूटार्क या पुढच्या काळातल्या चरित्रकारानं एक गोष्ट सांगितली आहे. अथेन्समध्ये नको असलेल्या माणसाचं नाव खापरावर लिहून त्याला दहा वर्षं हद्दपार करता येई. अशाच एका मतदानात एका अडाणी माणसानं शेजारी उभ्या असलेल्या ॲरिस्टायडीजलाच न ओळखता खापर दिलं आणि म्हणाला, यावर ‘ॲरिस्टायडीज’ लिहून दे. त्यानं तुझं काय वाईट केलं, असं विचारल्यावर उत्तर आलं: काही नाही, पण जिथे तिथे त्याला ‘न्यायी, न्यायी’ म्हणतात, ते ऐकून कान किटले. ॲरिस्टायडीजनं निमूटपणे स्वतःचं नाव लिहून दिलं. गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे. पण त्याच्या नावाची खापरं अथेन्सच्या उत्खननात खरोखर सापडली आहेत.

या माणसानं प्रत्येक नगराची जमीन आणि उत्पन्न पाहून आकारणी ठरवली. एकूण 460 टॅलेंट, असं अथेन्सचा इतिहासकार थ्युसिडिडीज लिहितो. ॲरिस्टायडीज या कामाला गेला तेव्हा गरीब होता आणि परतला तो आणखी गरीब होऊन, असं पुढे सांगितलं जाई. आकारणीबद्दल तक्रार झाली नाही. तिजोरी ठेवली डेलॉस या पवित्र बेटावर, अपोलोच्या देवळात. खजिनदार मात्र सगळे अथेन्सचे.

चाळीतल्या गणपतीची वर्गणी कितीही चोख ठरवा, ‘पण डबा कोणाच्या घरी आहे?’ असं विचारणारे एक काका असतातच. डेलॉसवर ते काका कमी पडले.

[रिकामी होत जाणारी गोदी.]

पुढे जे झालं त्याला कोणाचा कपटी डाव म्हणता येत नाही. इराणी संकट दूर सरलं तशी दरवर्षी घरदार सोडून वल्ही मारायला जाणं माणसांना नकोसं झालं. जहाजं देणारी नगरं एकेक करून म्हणू लागली, त्यापेक्षा पैसे घ्या. अथेन्सनं ते आनंदानं घेतले आणि त्या पैशातून आपलं आरमार वाढवलं. थ्युसिडिडीज इथे मित्रनगरांनाच दोष देतो: त्यांच्याच पैशानं अथेन्स बळावलं, आणि बंड करायची वेळ आली तेव्हा त्यांच्याकडे ना तयारी होती, ना सराव.

ती वेळ लवकरच आली. नॅक्सॉस बेट संघातून बाहेर पडू पाहत होतं, त्याला वेढा घालून परत आणलं. मग इ.स.पू. 465 मध्ये थॅसॉस बेट. बाजारपेठा आणि एका खाणीवरून अथेन्सशी त्याचं बिनसलं. तिसऱ्या वर्षी थॅसॉस शरण आलं. तट पाडले, जहाजं दिली, खाण सोडली आणि वर पट्टी भरायची कबूल केली. इराण्यांशी लढायला उभारलेलं आरमार आता सदस्यांकडची थकबाकी वसूल करू लागलं होतं.

[अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयातली उंच शिळा. तुकडे जोडून उभी केलेली.]

इ.स.पू. 454 मध्ये तिजोरी डेलॉसहून अथेन्सला आली. त्या वर्षापासूनचा हिशेब या शिळेवर आहे. उंची साडेतीन मीटरहून जास्त. जवळ जा. स्तंभ पाडलेले, एका बाजूला नगराचं नाव, दुसऱ्या बाजूला आकडा. पण हा आकडा भरलेल्या पट्टीचा नाही. पट्टीचा साठावा हिस्सा अथीना देवीला जाई, तो तेवढा कोरला आहे. एका टॅलेंटला 100 ड्राख्मा. शंभरासाठी इंग्रजी ‘एच’सारखं एकच अक्षर. देवीचा हिस्सा चोख कोरून ठेवला. बाकीच्या एकोणसाठ हिश्श्यांचं काय झालं, ते ही शिळा सांगत नाही.

इ.स.पू. 447 मध्ये पार्थेनॉनचं, अथीनाच्या भव्य देवळाचं, काम सुरू झालं. अथेन्समध्येच ओरड झाली, की युद्धासाठी दिलेल्या ग्रीकांच्या पैशानं आपण आपलं शहर एखाद्या नखरेल बाईसारखं सजवतोय. प्लूटार्कच्या सांगण्यानुसार अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज याचं उत्तर असं: मित्र ना घोडा देतात, ना जहाज, ना सैनिक, देतात फक्त पैसा. आम्ही त्यांचं रक्षण करतोय तोवर त्या पैशाचा हिशेब द्यायचं आम्हाला कारण नाही.

बिनतोड उत्तर आहे, आणि तेच भयंकर आहे. कंत्राटदार असंच बोलतो. सोबती बोलत नाही.

वसंतात डायोनिससच्या उत्सवाला नगरांचे लोक पट्टी घेऊन अथेन्सला येत. जमलेली चांदी टॅलेंटाटॅलेंटानं नाट्यगृहात सर्वांसमोर मिरवत, असं अथेन्सचा वक्ता आयसोक्रेटीज सांगतो. देणारे प्रेक्षकांत बसून ते पाहत.

[वसईचा किल्ला. पावसाळी आभाळ.]

मराठी माणसाला यात काहीतरी ओळखीचं वाटलं तर नवल नाही. 31 डिसेंबर 1802 ला वसईत दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला. किमान 6000 पायदळाची तैनाती फौज, आणि तिच्या खर्चापोटी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख. पलटण त्यांची, खर्च आपला. सोळा वर्षांनी पेशवाई उरली नाही. आणि उलट्या बाजूनं पाहिलं, तर आपली चौथाई भरणाऱ्यांना काय वाटत असेल?

आजच्या नाटो या लष्करी युतीतही कोण किती खर्च करतो यावरून भांडण आहे, पण ते वेगळं आहे. तिथले टक्के कुठल्या सामाईक तिजोरीत जात नाहीत. समाईक निधी आहे, पण छोटा. 2014 मध्ये वेल्समध्ये ठरलेले राष्ट्रीय उत्पन्नाचे 2 टक्के, किंवा 2025 मध्ये हेगला ठरलेले 2035 पर्यंतचे 5 टक्के, हे ज्याचे त्यानं स्वतःच्या संरक्षणावर खर्चायचे. वल्हं प्रत्येकाच्या हातात आहे. तक्रार आहे ती काहींनी ते नीट मारलं नाही याची. तरीही टक्क्यांत सगळं मावत नाहीच. 2014 मध्ये 2 टक्के ओलांडणाऱ्या मोजक्या देशांत ग्रीस होता, आणि त्याची तयारी बरीचशी तुर्कस्तानवर डोळा ठेवून, जो स्वतः नाटोत आहे. डेन्मार्क त्या रेषेच्या बराच खाली होता. पण अफगाणिस्तानात त्या छोट्याशा देशाचे चाळीसहून अधिक सैनिक मरण पावले. हे कुठल्या रकान्यात भरायचं?

[पुन्हा अथेन्स. संध्याकाळ.]

स्पार्टाशी युद्ध पेटल्यावर पट्टी चढतच गेली, 1300 टॅलेंटपर्यंत, असं प्लूटार्क म्हणतो. इ.स.पू. 404 मध्ये अथेन्स हरलं आणि संघ संपला. लोखंड काही वर आलं नाही.

मग इ.स.पू. 377 मध्ये अथेन्सनं पुन्हा मित्र गोळा केले, या वेळी स्पार्टाच्या भीतीनं. ठराव दगडावर कोरला: कोणाच्या नगरात आमची शिबंदी बसणार नाही, आमचा अंमलदार येणार नाही, आणि कोणी ‘फोरोस’ भरणार नाही. फोरोस हा त्या जुन्या पट्टीचा शब्द. तो उच्चारला तरी लोकांच्या कपाळाला आठ्या पडत.

जहाजं मात्र होती. वल्ही मारणाऱ्यांना रोजी द्यावीच लागे. पैसे घेणं पुन्हा सुरू झालं तेव्हा कॅलिस्ट्रॅटस नावाच्या पुढाऱ्यानं त्याला नवा शब्द काढला. ‘सिंटॅक्सिस’.

मराठीत सांगायचं तर, वर्गणी.