ताई, पिशवी कुठली?

दवाखान्यात बाई आली की बेंबीखाली आडवा तळवा ठेवते आणि म्हणते, "ताई, हितं दुखतंय." पुढचं बोलत नाही, कारण सोबत सासू बसलेली असते, नाहीतर नवरा दाराशी उभा असतो. आज इथे आपण बायाच आहोत, तेव्हा त्या तळव्याखाली काय काय असतं ते नीट बघू.

अगदी पुढे, खालच्या हाडाच्या मागे, लघवीची पिशवी. तिच्या मागे गर्भाची पिशवी आणि तिच्याही मागे मोठ्या आतड्याचं टोक. दोन बाजूंना दोन अंडाशय, उजवीकडे अपेंडिक्स, आणि वर किडन्यांपासून लघवीच्या पिशवीत उतरणाऱ्या दोन बारीक नळ्या. एवढा संसार एका तळव्याएवढ्या जागेत. यातलं काहीही दुखलं तरी आपल्या तोंडी एकच वाक्य येतं, ओटीपोट दुखतंय.

आणि आपल्या बोलीत दोन्ही पिशव्यांना 'पिशवी'च म्हणतात. "पिशवीला सूज आहे" असं ऐकून किती बाया घरी जातात! कुठली पिशवी, हे त्यांनाही माहीत नसतं आणि कित्येकदा सांगणाऱ्यानेही ते तपासलेलं नसतं. या एका शब्दापायी फार मोठं नुकसान झालेलं मी पाहिलंय.

आधी लघवीच्या पिशवीचं बोलू. बाईचा लघवीचा मार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा, पुरुषाचा 18 ते 20. शिवाय आपला मार्ग शौचाच्या जागेच्या जवळ. आतड्यात राहणारे ई. कोलाय नावाचे जंतू तिथून वर चढतात, आणि साध्या लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा तेच सापडतात. अशा वेळी लघवीला सारखं जावंसं वाटतं, येते मात्र चमचाभर. जळजळ होते, लघवी संपता संपता कळ येते. आपण म्हणतो उन्हाळी लागली. पण पौष-माघात उसाच्या फडावर असलेल्या बायांनाही ती लागते. तिथे कारण असतं लघवी धरून ठेवणं.

तोडीला जाणाऱ्या बायांना हे मी काय सांगायचं! पहाटे अंधारात कोपीतून निघायचं, फडात आडोसा नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. लघवीची पिशवी साधारण 400 ते 500 मिलिलिटर धरते. ती वरचेवर रिकामी झाली की आत शिरलेले जंतू धुऊन निघतात. तास न् तास तुंबली की ते तिथेच वाढतात. एक दिवस दवाखान्यात जावं तर खाडा पडतो, उचलीतून पैसे कापले जातात. त्यामुळे मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की थांबवायच्या. जंतू पुरते मरत नाहीत, पुढच्या खेपेला तीच गोळी लागू पडत नाही.

असं वर्षभर चाललं, अंगावरून पांढरंही जात असलं, की कोणीतरी म्हणतं, "मुलं झालीत ना, पिशवी काढून टाक." 2019 साली सरकारी समितीसाठी बीड जिल्ह्यात सुमारे 82 हजार ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यात काहींना ऑपरेशन खरंच गरजेचं असेल. मोठ्या गाठी असतात, न थांबणारा रक्तस्राव असतो, कॅन्सर असतो. पण जळजळ आणि पांढरं जाणं यासाठी गर्भपिशवी काढत नाहीत. या दोन्हींवर औषध आहे.

माझ्याकडे अशी एक बाई आली होती. वय 34, पिशवी काढून चार वर्षं झालेली, सोबत दोन्ही अंडाशयही काढलेले. म्हणाली, "ताई, दुखतं म्हणून काढली, तर आता जास्तच आग होते." होणारच. अंडाशय गेले की पाळी जाण्याच्या वयातला बदल एका दिवसात येतो. अंडाशयातून येणाऱ्या हार्मोनविना योनीची आणि लघवीच्या मार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी पडते, संसर्ग पुन्हापुन्हा होतो, हाडंही लवकर ठिसूळ होतात. तिच्या लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ते कुठले हे बघायची तपासणी, त्या चार वर्षांत एकदाही झालेलं नव्हतं. त्या फायली चाळताना मला झालेला संताप अजून गेलेला नाही.

मूतखड्याची ओळख वेगळी. कमरेच्या वरच्या बाजूला सुरू झालेली कळ जांघेत उतरते आणि माणूस गडाबडा लोळतो. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात. अपेंडिक्सचं दुखणं बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकतं, आणि तो माणूस हलायलाही घाबरतो. लघवीत पू पेशी दिसतात पण साध्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असं वारंवार झालं तर आपल्याकडे टीबीचा विचार करावाच लागतो. टीबी किडनीलाही होतो, लघवीच्या पिशवीलाही.

काही दुखण्यांत मात्र उद्यावर ढकलू नका. पाळी चुकलीय, एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय: गर्भ गर्भपिशवीत न पोचता अंडाशयाकडून येणाऱ्या नळीत राहिलेला असू शकतो, ती नळी फुटली तर जीव जातो. थंडी वाजून ताप आणि कमरेत दुखणं: संसर्ग किडनीपर्यंत पोचलाय. गरोदर बाईला काही त्रास नसला तरी लघवी तपासायची. मुलगा अचानक पोट धरून बसला तर लाज न बाळगता त्याच्या अंडकोशाला पीळ पडलाय का ते डॉक्टरांना पाहू द्या. साधारण सहा तासांत सोडवला तर बहुतेक वेळा अंड वाचतं. म्हाताऱ्या माणसाची लघवी अडून पोट फुगलं तर रात्र काढू नका. आणि बिडी ओढणाऱ्या घरधन्याच्या लघवीतून न दुखता रक्त गेलं तर दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका, ती कॅन्सरची पहिली खूण असू शकते.

बाहेर टेबलावर झाकणाच्या डब्या ठेवल्यात. ज्यांना जळजळ आहे त्यांनी एकेक घ्या. आधी पाण्याने धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली धार डबीत धरा. डबीला आतून बोट लावू नका, आणि त्याआधी अँटिबायोटिक गोळी घेऊ नका. आधीच चालू असेल तर तसं सांगा. डबीवर नाव लिहून लगेच आमच्या नर्सताईंकडे द्या, कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. आणि ज्यांना कोणी पिशवी काढायला सांगितलंय, त्यांनी कागद घेऊन माझ्याकडे या. मी संध्याकाळपर्यंत इथेच बसलेय.