अर्धा पडदा धड्याला, अर्धा हाताला

(दृश्य: महाविद्यालयातली संगणक प्रयोगशाळा. एका मॉनिटरवर कॅमेरा स्थिर.)

या पडद्याचे सरळ दोन भाग केलेत. डावीकडे धडा चालू आहे, उजवीकडे लिबरऑफिस कॅल्क, म्हणजे हिशेबाचे तक्ते करायचं सॉफ्टवेअर, उघडलंय. धड्यातला आवाज सांगतो, बेरजेचं सूत्र लिहा. विद्यार्थिनी व्हिडिओ थांबवते, आपल्या खिडकीत तेच करू पाहते. सूत्रातलं एक अक्षर चुकलं. तक्त्याच्या चौकटीत, म्हणजे सेलमध्ये, बेरजेऐवजी एररची खूण. ती धडा थोडा मागे नेते, पुन्हा ऐकते, पुन्हा लिहिते.

भर वर्गात सरांना असं मागे कोण नेणार?

ही साइड-बाय-साइड पद्धत आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाची. पुढाकार केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांचा. पैसा आला तो २००९ साली सुरू झालेल्या, माहिती तंत्रज्ञानातून शिक्षण देण्याच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय मोहिमेतून. धडे साधारण १० मिनिटांचे. संगणक चालवणारं लिनक्स, प्रोग्रॅमिंगची भाषा पायथन, गणिती आकडेमोडीचं सायलॅब, मजकुराची छापील मांडणी करणारं लाटेक, सगळी मुक्त सॉफ्टवेअर. जे शिकलो ते घरच्या संगणकावर फुकट आणि राजरोस टाकता येतं. चोरीच्या सीडीवर संगणक साक्षरता शिकवायची आपली जुनी रीत इथे लागत नाही.

(दृश्य: लहानशी खोली, मायक्रोफोन, कागद.)

पंखा बंद, दार बंद. कागदावर दोन रकाने: एकात पडद्यावर काय दिसणार, दुसऱ्यात काय बोलायचं. रेकॉर्डिंगआधी ही संहिता त्या सॉफ्टवेअरची ओळख नसलेल्या माणसाकडे जाते. तो वाचत वाचत एकेक कृती करून पाहतो. जिथे अडेल तिथे दोष संहितेचा, त्याचा नाही. तज्ज्ञाने गृहीत धरलेलं साधं ‘एंटर दाबा’ असं इथेच सापडतं.

मग इंग्रजी धड्याचं मराठी डबिंग. हे काम भाषांतराहून किचकट आहे. चित्र आधीच पक्कं झालेलं. माउसचा बाण ठरल्या सेकंदाला मेनूवर जाणार, कोणासाठी थांबणार नाही. मराठी वाक्य लांबलं की क्लिक होऊन जातं आणि सूचना मागून येते. म्हणून ‘आता आपण इथे दिसत असलेल्या’ हा सगळा पसारा छाटायचा. ‘इन्सर्ट मेनूवर क्लिक करा.’ बस. (आमचं हे निवेदनही चित्राच्या मागे असंच धावतंय.)

पडद्यावरचे मेनू मुद्दाम इंग्रजीतच ठेवलेत. नोकरीच्या जागी तेच दिसणार. समजावणं तेवढं मराठीत.

(दृश्य: पुन्हा प्रयोगशाळा. हेडफोन लावलेल्या रांगा.)

धडे आधीच उतरवून ठेवलेत, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी तास चालतो. प्रत्येकाचा धडा वेगळ्या ठिकाणी. कोणी सेल रंगवतंय, कोणी आलेख काढतंय. मागच्या बाकावरचा अजून फाइल सेव्ह करतोय. मधेच धडा स्वतःच सांगतो: इथे थांबा, असाइनमेंट करा. प्रयोगशाळेतल्या बाई या सॉफ्टवेअरच्या तज्ज्ञ नाहीत, आणि ही पद्धत तशी अपेक्षाही ठेवत नाही. यंत्रं चालू ठेवायची, घाईने पुढे पळणाऱ्याला धडा मागे न्यायला लावायचं, एवढं त्यांच्याकडे.

शेवटी ऑनलाइन परीक्षा, उत्तीर्णांना प्रमाणपत्र.

दारात पुढची तुकडी उभी आहे. तिला पायथन.