तुरटी, सेरिन आणि ब-६

(दृश्य: उकळत्या पाण्यात उभी परीक्षानळी.)

या नळीत सेरिन हे अमिनो आम्ल आहे, थोडी तुरटी आहे आणि पायरिडॉक्सल, म्हणजे ब-६ जीवनसत्त्वाचं एक रूप. विकर, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन (एन्झाइम), एकही नाही. तरीही १०० अंशांवर सेरिन मोडतं, पायरुविक आम्ल तयार होतं आणि अमोनिया सुटतो. एस्मंड स्नेल आणि डेव्हिड मेट्झलर यांनी हे १९५२ साली दाखवलं. त्याआधी १९४५ मध्ये स्नेल यांनी ग्लुटामिक आम्लाचा अमिनो गट नुसत्या उष्णतेनं पायरिडॉक्सलवर उतरवला होता.

(दृश्य: रेणूचं रेखाचित्र, मधला कार्बन ठळक.)

पायरिडॉक्सलचा अल्डिहाइड गट अमिनो आम्लाच्या नायट्रोजनशी जोडला जातो. मग पायरिडॉक्सलच्या कड्यातला नायट्रोजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढू लागतो आणि मधल्या कार्बनचे बंध सैल पडतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम ही जोडी सपाट धरून ठेवतं. हायड्रोजन निघाला, तर अमिनो गटाची अदलाबदल होऊ शकते. कार्बोक्सिल गट निघाला, तर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एवढ्याशा रेणूतून इतक्या वाटा कशा फुटतात, याचं स्पष्टीकरण स्नेल यांच्या गटानं दिलं, आणि सोव्हिएत संघात ब्राउनस्टाइन व शेम्याकिन यांनी स्वतंत्रपणे दिलं. जीवरसायनशास्त्रातला इतका देखणा तर्क मी क्वचितच पाहिला आहे.

हॅरॉल्ड व्हाइट यांनी १९७६ मध्ये याच्याही मागे जाऊन विचार केला. सहविकरं, म्हणजे विकरांना साथ देणारे पायरिडॉक्सलसारखे छोटे रेणू, हे प्रथिनं येण्याआधीच्या चयापचयाचे जीवाश्म असावेत, असं त्यांनी मांडलं. नळीतलं सेरिन पाहताना हा विचार अगदी जवळचा वाटतो.

मग विकर करतं काय? वेग वाढवतं, आणि वाट ठरवतं. नळीत एकाच मिश्रणात अनेक वाटा उघड्या असतात. १९६६ मध्ये हार्मन डनाथन यांनी सुचवलं, की कड्याच्या प्रतलाला काटकोनात उभा असलेला बंध तुटतो. अमिनो आम्ल कोणत्या बाजूनं वळवून धरायचं, हे विकराच्या हातात असतं.

(दृश्य: रक्ततपासणीचा अहवाल.)

यकृताच्या तपासणीत दिसणारं एसजीपीटी हे असंच एक विकर. त्याच्या आत ब-६ पासून बनलेलं पायरिडॉक्सल फॉस्फेट बसलेलं असतं. ॲलनिनचा अमिनो गट काढून ते कीटोग्लुटारेट या दुसऱ्या रेणूवर चढवतं, तेही ३७ अंशांवर, तुरटीशिवाय.