तेहतिसाव्या वर्षी पहिलं वर्ष

सिसिली सॉन्डर्स. आधुनिक हॉस्पिस चळवळीची सुरुवात ज्यांच्यापासून मानतात, त्या ब्रिटिश डॉक्टर. हॉस्पिस म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी जागा. बरं न होणारा आजार झालेल्या माणसाच्या वेदनेकडे वैद्यकशास्त्राने गांभीर्याने पाहावं, यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं.

पण १९३८ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या होत्या तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकायला. आजार, औषधं, वॉर्ड यांच्याशी या विषयांचा काडीचाही संबंध नव्हता.

मग दुसरं महायुद्ध पेटलं. १९४० साली सिसिलींनी शिक्षण मध्येच थांबवलं आणि लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये, नाइटिंगेल स्कूलमध्ये नर्सिंग शिकायला सुरुवात केली. हे काम त्यांना मनापासून आवडलं. १९४४ साली त्या नर्स झाल्या, आणि नेमकी तेव्हाच पाठीने साथ सोडली.

नर्सचं काम पाठीच्या जोरावर चालतं. रुग्णाला कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, स्ट्रेचरवरून पलंगावर घ्यायचं, आणि ड्युटी संपेपर्यंत उभं राहायचं. दुसऱ्या क्षेत्रातून इकडे येऊ पाहणारी माणसं वयाचा विचार करतात, अभ्यास झेपेल का याचा विचार करतात. हे काम शरीराला झेपेल का, हा प्रश्न मात्र बऱ्याचदा मागे राहतो. तो आधी विचारायला हवा.

सिसिलींनी क्षेत्र सोडलं नाही, काम बदललं. पुन्हा शिकून त्या हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर झाल्या. रुग्णाच्या घरी कोण आहे, कमावतं कोण, डिस्चार्जनंतर त्याला कोण सांभाळणार, ही चौकशी आता त्यांचं काम होती. डॉक्टरांच्या राउंडमध्ये ज्या गोष्टी बोलल्या जात नाहीत, त्या सोशल वर्करपाशी बोलल्या जातात.

याच कामात त्यांना डेव्हिड टास्मा भेटला. वॉर्साहून आलेला ज्यू निर्वासित, लंडनमध्ये वेटर म्हणून राबलेला. वय चाळीस, कॅन्सर शेवटच्या टप्प्यात, आणि शहरात जवळचं कुणी नाही. मरणाऱ्या माणसासाठी वेगळी जागा हवी, जिथे वेदनाही आटोक्यात येईल आणि त्याचं ऐकूनही घेतलं जाईल, हे बोलणं त्या दोघांमध्ये झालं. १९४८ च्या फेब्रुवारीत तो गेला. जाताना सिसिलींच्या नावे त्याने ५०० पौंड ठेवले. अशा जागेसाठी मिळालेली ही पहिली देणगी.

अशा वेळी माणूस भारावून जातो आणि सगळं सोडून देण्याचा निर्णय एका रात्रीत घेतो. सिसिलींनी तसं केलं नाही, आणि मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. नोकरी सांभाळून त्या सेंट ल्यूक्स या मरणासन्न रुग्णांच्या रुग्णालयात स्वयंसेवक नर्स म्हणून जाऊ लागल्या. जे काम करायची ओढ होती, ते आधी जवळून पाहिलं, स्वतःच्या हातांनी केलं.

आणि तिथे त्यांना एक गोष्ट दिसली.

तेव्हाची सर्वसाधारण पद्धत अशी होती, की वेदना असह्य झाल्यावर रुग्णाने सांगायचं आणि मग मॉर्फिन मिळायचं. एका डोसाचा असर ओसरला, की पुन्हा कळा, पुन्हा विनवणी, पुन्हा वाट पाहणं. व्यसन लागेल या भीतीने डोस जेवढा लांबवता येईल तेवढा लांबवला जाई. सेंट ल्यूक्समध्ये मात्र मॉर्फिन ठरलेल्या वेळी, तोंडावाटे, कळ परत येण्याआधीच दिलं जात होतं. रुग्ण शुद्धीवर होते, बोलत होते. पुढच्या कळेची धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती.

हे सगळीकडे का होत नाही? एका नर्सने किंवा सोशल वर्करने हा प्रश्न विचारून औषधाची पद्धत बदलणार नव्हती. ज्यांच्या हाताखाली त्या काम करत होत्या, ते सर्जन नॉर्मन बॅरेट यांनी त्यांना सरळच सांगितलं: मेडिसिन शिका. मरणाऱ्या रुग्णाकडे पाठ फिरवतात ते डॉक्टरच, आणि डॉक्टर झाल्याशिवाय तुमचं कुणी ऐकणार नाही.

१९५१ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी, सिसिली मेडिकल कॉलेजच्या वर्गात बसल्या. आजूबाजूला वयाने कितीतरी लहान मुलं. नर्सिंगचा अनुभव होता म्हणून अभ्यासक्रम आखूड झाला नाही. १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या.

त्यानंतर सेंट जोसेफ्स हॉस्पिस. इथे त्यांनी वेळापत्रकाप्रमाणे मॉर्फिन देण्याची पद्धत आणली आणि हजाराहून अधिक रुग्णांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. ठरलेल्या वेळी दिलेल्या मॉर्फिनने व्यसनाची भीती खरी ठरत नाही, हे आता त्या नोंदींच्या आधारे सांगता येऊ लागलं.

नोंदी ठेवायला डॉक्टर लागतो. पण त्या नोंदींमध्ये काय टिपायचं, ते सिसिलींमधल्या सोशल वर्करला ठाऊक होतं. त्या टेप रेकॉर्डर घेऊन रुग्णांशी बोलायच्या. दुखणं कसं आहे, असं विचारल्यावर एक बाई म्हणाल्या की सुरुवात पाठीपासून झाली, पण आता माझं सगळंच बिघडल्यासारखं वाटतंय. आणि पुढे त्या पतीबद्दल, मुलाबद्दल, पैशांच्या ओढाताणीबद्दल बोलत राहिल्या. निव्वळ पाठीची तक्रार शोधणाऱ्या कानांना हे विषयांतर वाटलं असतं. सिसिलींनी ते सगळं वेदनेतच धरलं. शरीराची, मनाची, घरादाराची आणि श्रद्धेची वेदना मिळून जी होते, तिला त्यांनी ‘टोटल पेन’ म्हटलं. आजही पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातल्या रुग्णाचा त्रास कमी करणारी सेवा, शिकणाऱ्याला ही कल्पना सुरुवातीलाच शिकवतात.

क्षेत्र बदलणाऱ्याला सगळे एकच विचारतात: मग आधीची वर्षं वाया गेली का? अल्बर्ट श्वाइट्झर धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि नावाजलेले ऑर्गनवादक होते. तिशीत ते वैद्यकाकडे वळले, १९१३ साली आफ्रिकेत लांबारेने इथे त्यांनी रुग्णालय उभारलं, आणि त्या रुग्णालयासाठी पैसा उभा केला तो युरोपात ऑर्गन वाजवून. सिसिलींच्या बाबतीत तर मागचं काम काढून टाकलं, तर पुढचं समजतच नाही.

१९६७ साली दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं. टास्माच्या ५०० पौंडांनंतर १९ वर्षांनी. रुग्णसेवा, शिक्षण आणि संशोधन तिन्ही एकाच छताखाली. दोन वर्षांत तिथली माणसं रुग्णांच्या घरीही जाऊ लागली. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेवर मार्गदर्शिका काढली. वेदनाशामक औषध घड्याळ पाहून, ठरलेल्या वेळी द्यावं, हे त्यात आलं. १९८७ साली ब्रिटनमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनला स्वतंत्र वैद्यकीय शाखेची मान्यता मिळाली.

सेंट ख्रिस्तोफर्समध्ये रुग्णाबद्दलचा निर्णय टीमने घ्यायचा होता. त्यात डॉक्टर असत, नर्स असे, सोशल वर्कर असे. ही तिन्ही कामं सिसिलींनी स्वतः केली होती. रात्रपाळीच्या नर्सने सकाळी सांगितलेली बारीकशी गोष्ट औषध बदलायला पुरेशी असू शकते, हे त्यांना कुणी पटवून द्यावं लागत नव्हतं.